पडद्याला नाव कुणी दिलं?

गेल्या अंकात मी इकडे तिकडे पडलेले फोटो एका लायब्ररीत कसे आणायचे ते लिहिलं होतं. बऱ्याच जणांनी ते मनावर घेतलेलं दिसतंय, कारण या वेळच्या पत्रांमध्ये एकच रडगाणं आहे, फोटो आले पण सॉफ्टवेअरने नको त्याला नको ती नावं चिकटवली आणि आता ती निघता निघत नाहीत. त्यातली सात पत्रं घेतलीत. एक विनंती परत करते, सॉफ्टवेअरचं नाव आणि व्हर्जन लिहा हो, "माझं फोटोवालं ॲप" यावरून मला काय कळणार! ज्यांनी लिहिलं नाही त्यांना दोन-तीन प्रोग्राममध्ये कसं असतं ते सांगितलंय, आपलं कुठलं ते तुम्ही ओळखा.

प्रश्न: आमच्या हॉलच्या पडद्याला सॉफ्टवेअर माणूस समजतं. एका फोटोत नाही, त्या हॉलमध्ये काढलेल्या जवळजवळ प्रत्येक फोटोत. चेहऱ्याभोवती येतो तो चौकोन डिलीट केला की जातो, चार दिवसांनी परत स्कॅन लावला की पुन्हा हजर. परवा तर त्याने पडद्याला माझ्या सासऱ्यांचं नाव सुचवलं, घरात सगळे हसले, सासरे सोडून. हे कायमचं कसं घालवू? फोटो सोबत जोडलाय.
— पडद्याने पिडलेली

उत्तर: ताई, फोटो मोठा करून बघितला आणि खरं सांगू, मला पण दिसला तो. पडद्याच्या वरच्या पट्टीत दोन रिंगा, त्यांच्या मधोमध उजेड पडलेली उभी चुणी आणि खाली एक आडवी काळपट घडी. दोन डोळे, नाक, तोंड. झालं की!

२००१ मध्ये पॉल व्हायोला आणि मायकल जोन्स या दोघांनी चेहरा पटकन शोधायची जी पद्धत मांडली ती नेमकी याच हिशोबावर चालते, म्हणजे डोळ्यांची पट्टी गालांपेक्षा गडद असते, नाकाचा दांडा दोन्ही डोळ्यांपेक्षा उजळ असतो, असे उजेड-अंधाराचे छोटे छोटे नमुने फोटोभर सरकवून बघायचे आणि पुरेसे जुळले की म्हणायचं हा चेहरा. पुढे किती तरी वर्षं ही पद्धत सगळीकडे चालली. आताची सॉफ्टवेअरं न्यूरल नेटवर्क, म्हणजे ढीगभर उदाहरणं दाखवून शिकवलेला प्रोग्राम, वापरतात, ती पडद्याला कमी फसतात पण अजिबात फसत नाहीत असं नाही, आणि त्यांच्या डोळ्याला धार जास्त असल्याने मागे लांब उभा असलेला, धूसर, अर्धा झाकलेला अनोळखी माणूसही ती उचलून आणतात. म्हणजे एक त्रास कमी झाला तर दुसरा वाढला.

आता तुमचा खरा मुद्दा, डिलीट केलेलं परत का येतं. तुम्ही डिलीट करता तेव्हा सॉफ्टवेअरला एवढंच कळतं की हा चौकोन काढायचाय. इथे चेहरा नाहीये हे तुम्ही त्याला सांगितलेलंच नसतं आणि ते कुठे लिहूनही ठेवलेलं नसतं. पुढच्या स्कॅनला ते कोऱ्या पाटीने येतं, रिंगा बघतं, चुणी बघतं, आणि मोठ्या आनंदाने नवा चौकोन काढतं. त्यामुळे जिथे इग्नोर नावाचं बटण आहे तिथे डिलीट वापरायचंच नाही. डिजिकॅम या फोटोंच्या प्रोग्राममध्ये ते आहे, त्यात चौकोन जागेवरच राहतो पण त्यावर "याच्याकडे लक्ष देऊ नको" अशी खूण बसते आणि ओळख लावताना तो बाजूला पडतो. आणि परत स्कॅन लावताना "आधी स्कॅन झालेले फोटो वगळा" हा पर्याय निवडा, तुमच्या पत्रावरून वाटतंय की तुम्ही दर वेळी सगळं पहिल्यापासून लावताय. नवे शंभर फोटो आले म्हणून जुने वीस हजार परत तपासायची काही गरज नसते.

गूगल फोटोजमध्ये चौकोन हाताला लागत नाही, तिथे त्या पडद्याचा जो काही ग्रुप झाला असेल तो माणसं लपवायच्या पर्यायातून लपवून टाकायचा. लाइटरूम क्लासिकमध्ये पीपल व्ह्यू उघडून चेहऱ्यावर कर्सर नेला की फुलीचं चिन्ह येतं, ते दाबायचं.

राहिले सासरे. इथे मला शंका आहे की घरात कुणीतरी कधीतरी घाईत "सगळे कन्फर्म करा" दाबलंय. सॉफ्टवेअर ज्या चेहऱ्यांना तुम्ही हो म्हणता त्यांनाच नमुना धरून पुढे शोधतं, त्यात एकदा पडदा सासऱ्यांच्या नावावर जमा झाला की पुढचा प्रत्येक पडदा सासऱ्यांसारखाच दिसणार, त्यात त्याची काय चूक. तर आधी सासऱ्यांचं नाव उघडा, सगळे चेहरे छोट्या थंबनेलमध्ये एका पानावर आणा आणि नुसती नजर फिरवा, पडदा वेगळा उठून दिसेल. तो तिथून काढा, मग इग्नोर करा, मग ओळखीचा जो शिकलेला डेटा असतो तो पुसून नव्याने तयार करायला सांगा, आणि मगच स्कॅन. क्रम बदलू नका. आधी स्कॅन केलात तर जुन्या चुकीच्या नमुन्यावरच नवीन नावं बसतील.

माझ्या स्वतःच्या लायब्ररीत एका स्विचबोर्डला चार वर्षं माझ्या भावाचं नाव होतं, मला पत्ताच नव्हता, त्यालाच सापडलं. सासऱ्यांना सांगा.

प्रश्न: माझी मुलगी आणि बहिणीची मुलगी, दोघींच्या वयात दीड वर्षाचं अंतर. सॉफ्टवेअरने दोघींना एकच धरलं. मी वैतागून वेगळं करायला गेले तर कुठेतरी "सेम पर्सन?" असं विचारलं त्याला चुकून हो दाबलं आणि आता अकराशे फोटो एका नावाखाली आहेत, त्यात माझ्या बहिणीचे लहानपणीचे पण येऊन बसलेत! अनडू दिसत नाही. एकेक वेगळा करत बसू का?
— दोन मुलींची आई-मावशी

उत्तर: एकेक अजिबात नको, आणि अकराशे तर नकोच नको.

हे असं का होतं ते आधी बघू कारण दुरुस्तीची युक्ती त्यातच आहे. सॉफ्टवेअर चेहऱ्याची तुलना फोटोला फोटो लावून करत नाही. प्रत्येक चेहऱ्याची ते आकड्यांची एक ओळ करतं, गूगलच्या लोकांनी २०१५ मध्ये फेसनेट म्हणून जी पद्धत मांडली त्यात एका चेहऱ्याचे १२८ आकडे होतात. दोन ओळी एकमेकींच्या जवळ असल्या की माणूस एक, लांब असल्या की वेगळा. किती जवळ म्हणजे जवळ, ही रेघ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने आखलेली असते. आता गंमत बघा, तुमच्या मुलीचा तीन वर्षांचा फोटो भाचीच्या तीन वर्षांच्या फोटोजवळ पडतो, भाचीचा तो फोटो तिच्या आईच्या लहानपणीच्या फोटोजवळ पडतो, आणि अशी साखळी धरत धरत तिघी एका गठ्ठ्यात येतात, दोन टोकांच्या चेहऱ्यांमध्ये काही साम्य नसलं तरी. लहान मुलांच्या बाबतीत हे जास्त होतं हे नुसतं आपलं निरीक्षण नाही, अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये कितीतरी कंपन्यांचे अल्गोरिदम तपासून अहवाल काढला होता, त्यात लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांच्यात दुसऱ्यालाच तो समजायच्या चुका जास्त निघाल्या होत्या.

तर आता करायचं काय. पहिलं, बॅकअप. डेटाबेसचा, म्हणजे सॉफ्टवेअर नावं आणि चौकोन लिहून ठेवतं त्या वहीचा, फोटोंचा नाही, म्हणजे फोटोंचा असेलच तुमच्याकडे, असायला हवा, पण इथे बिघडणार आहे तो डेटाबेस. दुसरं, साखळीचे दुवे तोडायचे. गठ्ठ्यातले धूसर, बाजूने काढलेले, टोपी घातलेले, अर्धवट हसणारे, अंधारातले असे जे जे चेहरे आहेत ते आधी नावाबाहेर काढा, कुणाचे आहेत याचा विचारही करू नका, सरळ अनोळखीत टाका. बहुतेक वेळा साखळी या असल्या चेहऱ्यांनीच जोडलेली असते. तिसरं, तारखेने लावून बघा, दोघींपैकी मोठी जन्मायच्या आधीचे सगळे फोटो एका झटक्यात बाहेर जातील, ते तुमच्या बहिणीचे. जुने स्कॅन केलेले फोटो असतील तर त्यांची तारीख स्कॅन केल्याची पडलेली असते, तिथे फसू नका. हे झालं की उरलेल्यातून प्रत्येकीचे स्वच्छ, समोरून काढलेले वीसेक चेहरे निवडा पण सगळे एकाच वाढदिवसाचे नकोत, दर वर्षातले दोन-तीन असे, आणि ते कन्फर्म करा. मग परत ओळख लावू द्या.

मोह होतो की आता हा धूसर पण मला माहीत आहे तिचाच आहे, लावून टाकते नाव. तुम्हाला माहीत आहे कारण तुम्ही तिथे होता, फ्रॉक ओळखीचा आहे, शेजारी कोण बसलंय ते दिसतंय. सॉफ्टवेअरला फक्त चौकोनातलं दिसतं, त्या चौकोनात काहीच नसेल तर तुम्ही त्याला "काहीच नाही म्हणजे माझी मुलगी" असं शिकवताय. धूसर फोटोला नाव हवंच असेल तर साधा टॅग लावा, चेहऱ्याचा चौकोन नको.

गूगल फोटोजमध्ये असाल तर त्या ग्रुपच्या तीन टिंबांमध्ये "रिमूव्ह रिझल्ट्स" आहे, त्यात चुकीचे फोटो एकदम निवडून काढता येतात, पण एका दमात दोन गठ्ठे परत सुटे करून देणारं बटण तिथे नाही हे खरं. इमिच या फोटोंच्या प्रोग्राममध्ये चुकीची जुळणी दुरुस्त करायचा पर्याय आहे, निवडलेले चेहरे नव्या माणसाच्या नावावर हलवता येतात, आणि किती जवळ म्हणजे जवळ ती रेघ पण सेटिंगमधून थोडी कडक करता येते. कडक केलीत की गठ्ठे जास्त पडतील, एकाच मुलीचे चार. ते परवडलं, चार गठ्ठे एक करणं सोपं असतं, एका गठ्ठ्यातून दोन माणसं काढणं हे खरं काम.

प्रश्न: फार लाजिरवाणं झालंय. ऑफिसच्या सहलीचे फोटो मी साहेबांना दिले, पेन ड्राइव्हवर. त्यांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडले तर त्यांच्या चेहऱ्याभोवती चौकोन आणि त्यात मी माझ्यापुरतं ठेवलेलं नाव आलं. ते नाव इथे लिहीत नाही. मी तर आदल्या दिवशी माझ्या सॉफ्टवेअरमधून सगळे टॅग डिलीट केले होते! मग हे गेलं कसं? आता बाकीच्यांना फोटो द्यायचेत, सगळ्यांना मी अशीच नावं दिलेली आहेत.
— नोकरी अजून आहे

उत्तर: नोकरी आहे हे वाचून बरं वाटलं.

बघा, चेहऱ्याचं नाव आपल्याला एका ठिकाणी दिसतं पण राहतं बऱ्याच ठिकाणी. एक सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये, तो तुमच्याच मशीनवर असतो आणि फोटोबरोबर जात नाही. दुसरं खुद्द फोटोच्या फाइलमध्ये, मेटाडेटात, म्हणजे फोटोबद्दलची जी माहिती फाइलच्या आत लिहिलेली असते तिच्यात, आणि हेच पेन ड्राइव्हवरून साहेबांकडे पोचलं. तुम्ही डेटाबेसमधून काढलंत, फाइलमध्ये लिहायचा पर्याय तोपर्यंत बंद झाला असेल किंवा लिहायचं काम मागे रांगेत पडलं असेल, त्यामुळे फाइलमधलं तसंच राहिलं.

आणि फाइलमध्ये तरी एका जागी असतं का, तर नाही. चेहऱ्याचा चौकोन आणि नाव लिहायची एक पद्धत मेटाडेटा वर्किंग ग्रुपने २०१० मध्ये ठरवून दिली, तिच्या आधीपासून मायक्रोसॉफ्टची आपली वेगळी पद्धत होती, आणि काही सॉफ्टवेअरं दोन्हीकडे लिहितात म्हणजे कुणी उघडलं तरी दिसावं. शिवाय "फोटोतली व्यक्ती" असा आयपीटीसीचा, म्हणजे बातम्यांच्या फोटोंसाठी ठरवलेल्या मेटाडेटाच्या पद्धतीतला, एक रकाना असतो. शिवाय तेच नाव साधा कीवर्ड म्हणूनही टाकलेलं असतं, म्हणजे चौकोन काढला तरी कीवर्डच्या यादीत साहेब आपल्या टोपणनावाने बसलेले. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, असेल तर शेजारी एक्सएमपी नावाची चिमुकली फाइल असते, तिच्यात आणखी एक प्रत. आणि फोटो फार जुने असतील, गूगलच्या पिकासा या जुन्या फोटो सॉफ्टवेअरच्या काळातले, तर प्रत्येक फोल्डरमध्ये पिकासा डॉट आयएनआय नावाची एक लपलेली फाइल सापडेल, तिच्यात चौकोनांचे आकडे असतात. गूगलने पिकासाचा सपोर्ट मार्च २०१६ मध्ये बंद केला पण या फाइली लोकांच्या डिस्कवर अजून सुखाने नांदतायत.

तुमच्यासाठी सगळ्यात सरळ उपाय म्हणजे मूळ फोटोंना हात न लावता एक्स्पोर्ट करून वेगळी प्रत काढा आणि ती द्या. लाइटरूम क्लासिकच्या एक्स्पोर्टमध्ये मेटाडेटाच्या भागात "रिमूव्ह पर्सन इन्फो" म्हणून टिक आहे, ती लावायची, खालीच जागेची माहिती काढायची टिक आहे, ती पण लावून टाका. डिजिकॅममध्ये सेटिंग्जच्या मेटाडेटा विभागात फाइलमध्ये काय काय लिहायचं त्याची यादी आहे, त्यात चेहऱ्यांचे टॅग आहेत का बघा आणि पुढच्यासाठी ती टिक काढा. पण टिक काढली म्हणून आधी लिहिलेलं पुसलं जात नाही हं, ही गफलत पुष्कळ लोकांची होते.

फाइली आतून साफच करायच्या असतील तर एक्झिफटूल. हे फुकट आहे, कमांड लिहावी लागते, दिसायला रुक्ष आहे पण काम चोख. चेहऱ्यांचे दोन्ही प्रकारचे विभाग, व्यक्तीचा रकाना आणि कीवर्ड, हे सगळं रिकामं करायला सांगायचं. मूळ फाइल ते नावापुढे "ओरिजिनल" जोडून शेजारीच ठेवतं, म्हणजे घाबरायचं कारण नाही, फक्त फोल्डर जसाच्या तसा उचलून कुणाला दिलात तर त्या ओरिजिनल पण जातील, नावांसकट! दिल्यानंतर लगेच परत पत्र येईल तुमचं मला.

द्यायच्या आधी एक फोटो दुसऱ्या कुठल्यातरी सॉफ्टवेअरमध्ये, शक्यतो दुसऱ्याच्या मशीनवर, उघडून बघा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर मेटाडेटा गळून जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर सगळं जसंच्या तसं जातं. मेलच्या ॲटॅचमेंटचंही तेच, पेन ड्राइव्हचं तर तुम्ही बघितलंच.

आणि नावं साधी ठेवा की हो.

प्रश्न: फोटो आडवे होते ते उभे केले. आता सगळ्यांचे चौकोन भलतीकडे. आजोबांचं नाव कुंडीवर, कुंडीच्या बाजूला उभ्या असलेल्या आजोबांवर काहीच नाही. काही फोटो मी कापले पण होते, त्यात तर चौकोन हवेत तरंगतायत.
— आजोबांचा नातू

उत्तर: फाइलमध्ये चौकोन कसा लिहिलेला असतो ते कळलं की हे लगेच उलगडेल. पिक्सेलमध्ये नाही, अपूर्णांकात. फोटोची पूर्ण रुंदी १ आणि पूर्ण उंची १ धरायची आणि चेहऱ्याचा मध्य कुठे ते लिहायचं, समजा डावीकडून ०.२ आणि वरून ०.३ वर आजोबा होते. तुम्ही फोटो उजवीकडे पाव फेरा फिरवलात, आता आजोबा डावीकडून ०.७ आणि वरून ०.२ वर गेले. पण ज्या सॉफ्टवेअरने फिरवलं त्याला चौकोनाचं काही देणंघेणं नसेल तर आत अजून ०.२ आणि ०.३ च लिहिलेलं आहे, आणि आता तिथे कुंडी आहे. कापल्यावर तर मापाचा आधारच बदलतो, मग तरंगणारच.

थोडासाच घसरलेला चौकोन दिसला, म्हणजे चेहऱ्याच्या खाली-उजवीकडे किंवा वर-डावीकडे अर्धा सरकलेला, तर त्याचं कारण निराळं असू शकतं. वर साहेबांच्या पत्रात म्हटलेल्या दोन पद्धतींपैकी वर्किंग ग्रुपवाली चौकोनाचा मध्य लिहिते आणि मायक्रोसॉफ्टवाली डावा वरचा कोपरा, एखाद्या सॉफ्टवेअरने एकाचा अर्थ दुसऱ्यासारखा लावला की अर्ध्या चौकोनाने सगळी वरात सरकते.

थोडे फोटो असतील तर चौकोन काढून हाताने नवा ओढा. पुष्कळ असतील तर फक्त त्या फिरवलेल्या-कापलेल्या फोटोंना निवडून त्यांचे चौकोन पुसा आणि तेवढ्यांवरच नव्याने चेहरे शोधायला लावा, सगळ्या लायब्ररीवर नको. यापुढे फिरवायचं-कापायचं काम चेहरे लावलेत त्याच सॉफ्टवेअरमध्ये करा, किंवा त्याहून बरं, आधी फिरवा, कापा, मग चेहरे.

प्रश्न: मला हे चेहरे प्रकरणच नको. लॅपटॉपचा पंखा रात्रभर घोंघावतो. बंद कुठे करतात?
— फक्त फोटो बघणारा

उत्तर: लाइटरूम क्लासिक: कॅटलॉग सेटिंग्ज, मेटाडेटा, तिथे आपोआप चेहरे शोधायची टिक काढा. गूगल फोटोज: सेटिंग्ज, प्रेफरन्सेस, ग्रुप सिमिलर फेसेस, बंद. हे बंद केलं की झालेले ग्रुप, चेहऱ्यांचे मॉडेल आणि दिलेली नावं सगळं पुसलं जातं, उद्या मन बदललं तर नावं परत पहिल्यापासून द्यायची, एवढं लक्षात असू द्या. इमिचमध्ये मशीन लर्निंगच्या सेटिंगमध्ये चेहरे ओळखण्याचा वेगळा स्विच आहे. ॲपल फोटोजमध्ये हे काम डिव्हाइसवरच चालतं आणि ते बहुतेक फोन चार्जिंगला लावून लॉक असताना उरकून घेतं, त्याचा त्रास सहसा जाणवत नाही.

पंख्याचं म्हणाल तर मोठी लायब्ररी पहिल्यांदा टाकली की एक-दोन रात्री असं होणारच, मग शांत होतं. आठवडा झाला तरी चालूच असेल तर कुठल्यातरी एका खराब फाइलवर अडकलं असण्याची शक्यता जास्त, नवीन आणलेले फोल्डर एकेक बाहेर काढून बघा.

प्रश्न: एक माणूस आता माझ्या आयुष्यात नाही. फोटो पुसायचे नाहीयेत, पण सकाळी उठून फोन हातात घेतला की ॲप स्वतःहून त्या आठवणी समोर आणतं, गाणं लावून. नाव काढून टाकलं तरी येतंच.

उत्तर: नुसतं नाव काढून टाकल्याने थांबत नाही ते. नाव नसलेला गठ्ठा हा ॲपच्या लेखी अजून तुमच्या जवळचाच कुणीतरी असतो, शेकडो फोटो आहेत म्हटल्यावर महत्त्वाचाच असणार. ॲपल फोटोजमध्ये त्या व्यक्तीसाठी कमी दाखवा आणि कधीच दाखवू नका असे पर्याय आहेत, गूगल फोटोजमध्ये मेमरीजच्या सेटिंगमध्ये व्यक्ती लपवता येतात आणि तारखाही लपवता येतात. तारखा आधी लपवा. चेहरा लपवला तरी पाठमोरे, लांबचे, हातात हात असलेले फोटो ॲपला कळत नाहीत, ते त्या काळाची आठवण म्हणून येऊ शकतात, तारखांचा पट्टा लपवला की तेही थांबतात. फोटो सगळे जागेवरच राहतात. आणि त्या व्यक्तीचे दोन-तीन गठ्ठे पडलेले असतात, दाढीतला एक, चष्म्यातला एक, ते शोधून सगळ्यांनाच लपवा, नाहीतर एखादा मागे राहतो आणि बरोबर नको त्या सकाळी उगवतो.

प्रश्न: माझे मेहुणे सगळ्या घरादाराचे फोटो काढतात आणि त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांना टॅग करून ठेवतात. मला नाही आवडत माझा चेहरा कुठे नोंदलेला. माझ्या बाजूने मी काय करू शकतो?
— कॅमेऱ्यामागे बरा

उत्तर: ते वापरतात काय यावर आहे. कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर असेल तर नोंद त्यांच्या डिस्कवर. गूगल फोटोजवर असेल तर तुमच्या गठ्ठ्याला दिलेलं नाव त्यांच्या खात्यापुरतं राहतं, शेअर केलेल्या अल्बममध्ये इतरांना ते दिसत नाही. पण वर साहेबांच्या पत्रात झालं तसं फाइलमध्ये लिहून ते वाटत सुटले असतील तर मग नाव कुठे कुठे गेलं ते त्यांनाही सांगता येणार नाही, तेवढी टिक काढायला सांगा, हे मागणं अगदी रास्त आहे.

फेसबुकवर आपोआप चेहरा ओळखून टॅग सुचवणं नोव्हेंबर २०२१ मध्ये बंद करत असल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि शंभर कोटींहून जास्त लोकांचे चेहऱ्याचे नमुने पुसणार असंही सांगितलं, त्याच वर्षी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या २००८ च्या बायोमेट्रिक कायद्याखाली चाललेल्या खटल्यात त्यांच्या ६५ कोटी डॉलरच्या तडजोडीला कोर्टाची मंजुरी मिळाली होती, म्हणजे विषय काही तुमच्या एकट्याच्या डोक्यातला नाही. हाताने केलेले टॅग मात्र तिथे अजून चालतात, त्यासाठी तुमच्या खात्यात टॅग रिव्ह्यू चालू करून ठेवा. मेहुण्यांसाठी असं कुठलं सेटिंग नाही. तोंडाने सांगायचं, आणि सांगताना "माझा टॅग डिलीट करा" म्हणू नका, पुढच्या स्कॅनला परत येईल. इग्नोर करा म्हणा.